जीपला मोठे टायर चढवण्यापूर्वी



पाऊस तोंडावर आला की पाणंदीचा प्रश्न उभा राहतो. काळ्या रानात गाडी रुतते, मागच्या ॲक्सलचा गोळा दोन चाकोऱ्यांमधल्या वरंब्यावर टेकतो आणि चाके जागच्या जागी फिरत बसतात. मग कुणीतरी सल्ला देतं, "पाटे थोडे उचला, मोठे टायर टाका, गाडी कुठंही अडणार नाही." सल्ला अगदीच चुकीचा नाही. पण तो अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग कुणी सांगत नाही आणि तो घाटाच्या उतारावर, मागे माणसे बसलेली असताना समजतो. म्हणून रेडिओवर सांगितलेली ही माहिती सविस्तर छापून देत आहोत. पैसे मोडण्यापूर्वी एकदा शांतपणे वाचावी.

ही माहिती शेतावर चालणाऱ्या जीप-जातीच्या गाड्यांसाठी आहे. जुनी पाट्यांची जीप असो, बोलेरो असो की थार, हिशेब सगळ्यांना एकच लागू पडतो.

उंची नक्की कशाची वाढते?

गाडीची उंची दोन प्रकारे वाढते, आणि लोक या दोहोंत घोटाळा करतात.

पाटे किंवा स्प्रिंग उचलले की गाडीचा सांगाडा आणि बॉडी वर जाते. ॲक्सल मात्र होता तिथेच राहतो, कारण तो चाकांना धरून आहे. वरंब्याला टेकतो तो ॲक्सलच्या मधला डिफरन्शिअलचा गोळा. म्हणजे पाटे दोन इंच उचलले तरी गोळा एक सूतही वर येत नाही.

गोळा वर येतो तो फक्त टायरने. तेही टायर जेवढा मोठा झाला त्याच्या निम्म्यानेच, कारण ॲक्सल चाकाच्या मध्यावर असतो. टायरची पूर्ण उंची एक इंच वाढली तर गोळा अर्धा इंच वर येतो.

मग पाटे उचलायचे कशासाठी? तर मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा मिळावी म्हणून, आणि गाडीचे पोट व पुढचे-मागचे टोक बांधाला घासू नये म्हणून. एवढाच त्याचा उपयोग.

टायरवरचा आकडा वाचायला शिका

बोलेरोसारख्या गाडीच्या टायरवर २१५/७५ आर १५ असा आकडा असतो. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या शेकडा किती ती. शेवटचा म्हणजे रिमचा व्यास इंचांत.

आता हिशेब करू. २१५ चे शेकडा ७५ म्हणजे १६१ मिलिमीटर. ही भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून ३२२. रिम १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर. बेरीज झाली ७०३ मिलिमीटर. ही टायरची पूर्ण उंची.

त्याच रिमवर २३५/७५ आर १५ चढवला तर उंची होते ७३३ मिलिमीटर. वाढ ३० मिलिमीटरची, पण गोळा वर आला फक्त १५ मिलिमीटर. बोटाच्या एका पेराएवढाही नाही.

आणखी मोठा, ३१ x १०.५ आर १५ म्हणून जो टायर मिळतो, त्याची उंची ३१ इंच, म्हणजे ७८७ मिलिमीटर. गोळा वर आला ४२ मिलिमीटर, दीड इंचाहून थोडा जास्त. याच्या जोडीला पाटे दोन इंच उचलले असतील तर गाडीची बॉडी मात्र साडेतीन इंचांहून जास्त वर गेली. गोळ्याला दीड इंच मिळाला आणि टपाला साडेतीन इंच. हा व्यवहार नीट ध्यानात घ्या, पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

आकड्यांच्या शेजारी आणखी एक अंक असतो, उदाहरणार्थ १००. तो एका टायरने किती भार पेलावा हे सांगतो. १०० म्हणजे ८०० किलो. नवा टायर दिसायला कितीही दांडगा असला तरी त्याचा हा अंक मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये.

जागा मोजा, डोळ्यांनी अंदाज करू नका

अंगणात उभ्या गाडीला मोठा टायर बसला म्हणजे तो बसला असे समजू नका. रिकामी गाडी सपाटीवर उभी असताना भरपूर जागा दिसते. आठ माणसे आणि खताच्या गोण्या भरून तीच गाडी खड्ड्यात आदळते तेव्हा पाटे पूर्ण दबतात आणि ती जागा नाहीशी होते. पाटे कुठपर्यंत दबायचे हे रबरी ठोकळ्याने ठरते. पाटे उचलले, पण ठोकळा तोच ठेवला, तर पूर्ण दबल्यावर टायर पूर्वीच्याच जागी जाऊन पोचतो. उचललेले दोन इंच त्या क्षणी कामाला येत नाहीत.

म्हणून मोजणी अशी करा:

१) टायर विकत घेण्यापूर्वी, जुन्याच टायरवर मोजा.

२) गाडीत नेहमीचा भार ठेवा. कमी उंचीच्या बांधावर किंवा मातीच्या उंचवट्यावर एक पुढचे चाक हळूच चढवा, म्हणजे त्या बाजूचा पाटा दबेल. गाडी कलंडेल इतके चढवू नका.

३) इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, गिअर टाका, बाकीच्या चाकांना पुढे-मागे दगड लावा.

४) सोबत्याला स्टिअरिंग डावीकडे शेवटपर्यंत वळवायला सांगा, मग उजवीकडे. प्रत्येक वेळी टेपने मोजा: टायर आणि मडगार्ड, टायर आणि पाटा, टायर आणि सांगाडा, टायर आणि ब्रेकची रबरी नळी. गाडीखाली अंग घालू नका, बाजूने हात घालून मोजा.

५) रबरी ठोकळ्याला अजून किती अंतर उरले आहे तेही पाहा. तेवढा पाटा अजून दबणार आहे. ते अंतर मडगार्डच्या मापातून वजा करा.

६) दुसऱ्या बाजूच्या चाकाला हेच पुन्हा करा. दोन्ही बाजू सारख्या नसतात.

आता वरच्या हिशेबाशी ताडून पाहा. ३१ इंची टायर त्रिज्येने ४२ मिलिमीटर वाढतो आणि रुंदीने प्रत्येक बाजूला सुमारे २६ मिलिमीटर. त्यावर निदान एक इंच मोकळी जागा हवीच, कारण ओला चिखलही टायरला चिकटून फिरतो. म्हणजे मडगार्डशी पावणेतीन इंच आणि आतल्या बाजूला दोन इंच जागा सापडली तरच पुढे विचार करावा. २३५ च्या टायरला त्रिज्येत १५ आणि बाजूला १० मिलिमीटर लागतात. बहुतेकांचे काम तेवढ्यात भागते.

घासणारा टायर नुसता आवाज करीत नाही. त्याची भिंत कातरली जाते, आणि ब्रेकची नळी घासली गेली तर काय होईल हे सांगायला नको.

पाटे उचलताना

लांब शॅकल लावणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय. पण शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी एकच इंच उचलली जाते, कारण पाट्याचे एकच टोक खाली जाते. शिवाय ॲक्सल किंचित फिरतो. पुढच्या ॲक्सलचा कोन बदलला की स्टिअरिंग भटकू लागते, वळणानंतर आपसूक सरळ येत नाही. लोखंडी पट्टी कापून वेल्डिंगने लांबवलेला शॅकल तर मुळीच लावू नये.

पाट्याखाली लाकडी ठोकळा ठेवणे त्याहून वाईट. लाकूड पिचते, यू-बोल्ट सैल होतो आणि ॲक्सल जागेवरून सरकतो.

गाडी उचलायचीच तर एक-दीड इंचाच्या पुढे जाऊ नका, आणि योग्य बाकाचे नवे पाटे कमानवाल्याकडून बसवून घ्या. त्याच वेळी या चार गोष्टी तपासून घ्या:

ब्रेकची रबरी नळी: ॲक्सल पूर्ण खाली लोंबत असताना ती ताणली जाते का? ताणली जात असेल तर लांब नळी हवी.

शॉकॲब्सॉर्बर: तोही पूर्ण ताणून उभा राहता कामा नये. तसा राहिला तर पहिल्या खड्ड्यात त्याचे टोक तुटते.

प्रॉपेलर शाफ्ट: कोन वाढला की त्याचे क्रॉस लवकर खातात, गाडी थरथरते.

स्टिअरिंग: मधोमध आहे का? नसेल तर जोडदांडी जुळवून घ्या आणि व्हील अलाइनमेंट करा.

मिळते किती, जाते किती

मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते. ऐकायला बरे वाटते, पण लांब दांड्याने ओझे उचलताना दम लागतो तसेच हे आहे. ३१ इंची टायरवर गाडीची ओढ शेकडा दहा-अकराने कमी होते. ज्या चिखलासाठी टायर घेतला, त्याच चिखलात गाडी पहिल्या गिअरमध्ये धापा टाकते आणि क्लच जळू लागतो. २३५ च्या टायरवर ही घट शेकडा चारच्या आसपास राहते.

ब्रेकचेही तसेच. ब्रेकची ताकद तीच आणि चाक मोठे, तर थांबायला जास्त दाबावे लागते. घाट उतरताना खालचा गिअर टाकून इंजिनाने गाडी रोखायची आपली सवय असते. ती रोखही तेवढीच कमी होते. करूळ, भुईबावडा किंवा आंबोलीसारखा घाट ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे, त्यांनी याचा दोनदा विचार करावा.

काट्यावरही भरवसा राहत नाही. काटा ६० दाखवील तेव्हा गाडी पूर्वीच्या मानाने ६७ च्या वेगाने धावत असेल. किलोमीटरही कमी मोजले जातात. काटा १०० किलोमीटर म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात ११२ झालेले असतात. डिझेलचा हिशेब करताना हे जमेस धरा.

आणि शेवटची, सर्वांत मोठी गोष्ट. गाडी उंच झाली की तिचा तोल वर जातो. उंच रचलेली कडब्याची गाडी आणि अर्धी भरलेली गाडी, वळणावर आधी कोणती कलंडते हे तुम्हाला सांगायची गरज नाही. आपल्याकडे जीपच्या मागे माणसे बसतात, फळीवर उभी राहतात, टपावर पोती असतात. एकटा माणूस हौसेने डोंगरात फिरवतो ती गाडी वेगळी, आणि बाजाराहून बायकापोरांना घेऊन परतणारी गाडी वेगळी. उचललेल्या गाडीच्या टपावर ओझे नको, मागे लोंबकळणारी माणसे नकोत आणि वळणावर पूर्वीचा वेग नको. हे पाळता येणार नसेल तर गाडी उचलू नका.

ट्रॅक्टरचा टायर जीपला चालेल का?

हा प्रश्न वरचेवर विचारला जातो, कारण जुन्या जीपचा टायर ६.००-१६ मापाचा असतो आणि कित्येक ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकाचे मापही नेमके तेच. रिमवर तो चढतो. पण चालत नाही. ट्रॅक्टरचा टायर सावकाश चालीसाठी बनवलेला असतो. त्याच्यावर ए ६ खूण असेल तर मर्यादा ताशी ३० किलोमीटर, ए ८ असेल तर ४०. डांबरी रस्त्यावर त्याहून वेगाने पळवला की तो तापतो आणि फुटतो. शिवाय त्याच्या सरळ धारा नांगराच्या तासात दिशा धरण्यासाठी असतात, ओल्या रस्त्यावर ब्रेक लागण्यासाठी नव्हेत. तेव्हा ट्रॅक्टरचा टायर ट्रॅक्टरलाच राहू द्या.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेला जो तपशील नोंदणी पुस्तकात आहे, त्याच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेल्या बदलाबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

म्हणून आधी गाडीचे माहितीपुस्तक पाहा. दाराच्या चौकटीवर टायरचे माप आणि हवेचा दाब लिहिलेली पट्टीही बहुधा असते. कंपनीने त्याच गाडीला चालतील म्हणून सांगितलेल्या मापांत राहिलात तर चिंता नाही. त्यापुढे जायचे असेल तर आर.टी.ओ. कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. अपघातानंतर विमा कंपनीने बोट ठेवले तर गॅरेजवाला तुमच्या मदतीला येणार नाही.

आधी हे करून पाहा

गाडी रुतते ती दर वेळी टायर लहान आहे म्हणून नव्हे. पुष्कळदा टायर गुळगुळीत झालेला असतो. कायद्याने नक्षीची खोली निदान १.६ मिलिमीटर हवी, पण चिखलात एवढ्याने काहीच धरत नाही. त्याच मापाचा, पण खोल आणि विरळ नक्षीचा टायर घेतला तर फिरताना तो माती झटकून टाकतो. काळ्या चिकट मातीत हाच गुण लाखमोलाचा. वर चिखल आणि खाली घट्ट मुरूम असेल तर अरुंद टायर चिखल कापून खालची जमीन धरतो. तिथे रुंद टायर उलट वरच्यावर घसरतो. रुंद टायर कामाचा तो नदीकाठच्या वाळूत. कोकणातल्या जांभ्याच्या धारदार दगडांत आणि कापणीनंतर उभ्या राहिलेल्या तुरीच्या, कपाशीच्या खुंटांत टायरची बाजूची भिंत जाड असणे महत्त्वाचे, रुंदी नव्हे.

हवा कमी करणे हा बिनपैशाचा उपाय. चिखलाच्या तोंडाशी थांबून चारही टायरची हवा २० पौंडांपर्यंत उतरवा. टायर पसरतो आणि पकड वाढते. मात्र भार कमी ठेवा, बैलगाडीच्या चालीने जा, आणि डांबरी रस्ता लागताच पंपाने हवा पूर्ववत भरा. कमी हवेवर पळवलेला टायर तापून फाटतो.

गाडीला चारही चाकांची ओढ असेल तर ती रुतण्यापूर्वी जोडा, रुतल्यावर नव्हे. सोबत दोन लाकडी फळ्या, एक फावडे आणि मजबूत दोर असू द्या. आणि पाणंदीत दर वर्षी एकाच जागी गाडी अडत असेल तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून तिथे दगड-मुरूम भरावा, पाण्याला बाजूने चर काढून द्यावा. चार टायरच्या पैशांत साऱ्या शिवाराची वाट होते.

तरीही मोठे टायर घ्यायचेच असतील तर

चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे घ्या, आणि स्टेपनीसुद्धा त्याच मापाची. चारचाकी ओढीच्या गाडीत एक चाक लहान-मोठे झाले तर गिअरपेटीवर ताण येतो. अशी ओढ जोडून कोरड्या डांबरी रस्त्यावर चालवायचे नाही, ही सूचना जुन्या जीपला कायमच आहे.

टायर रिमला शोभतो का ते पाहा. २३५ चा टायर ६ इंच रुंदीच्या रिमवर बसतो, पण ३१ x १०.५ ला निदान ७ इंच रुंद रिम लागतो. चाक बाहेर काढण्यासाठी मध्ये लोखंडी चकत्या घालू नका. बेअरिंग आणि नटबोल्ट दोहोंवर भार येतो.

टायर कधी बनला ते त्याच्यावर चार आकड्यांत लिहिलेले असते. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. स्वस्तात मिळाला म्हणून दुकानात पडून राहिलेला जुना माल उचलू नका.

बसवल्यावर चाकांचे नट समोरासमोरचे अशा क्रमाने आवळा, आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा आवळा. पहिला आठवडा भार न घालता चालवा. रिकाम्या सरळ रस्त्यावर ब्रेक मारून, गाडी किती अंतरात थांबते ते स्वतः पाहा. जुन्या सवयीचे अंतर आता विसरायचे आहे.

थोडक्यात

पाटे उचलल्याने गोळा वर येत नाही, टायरने येतो आणि तोही निम्म्यानेच. आधी नक्षी, हवा आणि वाट सुधारा. मग मूळ मापाच्या एक पायरी वरचा टायर, तोही कंपनीला मान्य असेल तर. त्याच्या पुढे जाताना टेप, कागद आणि पेन्सिल हाती घ्या. जेवढी उंची घ्याल तेवढा वेग आणि भार कमी करा.

ही पत्रिका वाचून झाल्यावर शेजारच्या गाडीवाल्यालाही द्या, आणि गॅरेजमध्ये जाताना खिशात ठेवा.